सूर्याचा वारा, भोसरीचा मायक्रोमीटर

एकच पिन. भोसरीत मोजली तर ओके, चाकणच्या इनवर्डला मोजली की रिजेक्ट. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात क्वालिटी डिपार्टमेंटला वर्षभर तरी काढलेल्या माणसानं हा वाद ऐकलेला असतो, बहुतेकांनी स्वतः घातलेलाही असतो. इकडचा म्हणतो, आमचा मायक्रोमीटर कालच कॅलिब्रेट होऊन आलाय. तिकडचा म्हणतो, आमचाही. खोटं कुणीच बोलत नसतं. इकडचा शेड ३५ अंशांवर तापलेला, तिकडची मेट्रॉलॉजी रूम नियमाप्रमाणे २० अंशांवर. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा एवढ्या फरकानं सतरा मायक्रॉन वाढतो. रिजेक्शनला तेवढं पुरतं.

हाच वाद पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर गेली तीस वर्षं चालू आहे. तिथं मोजायला पिन नाही, वारा आहे. सूर्याकडून येणारा. तो मोजायला अमेरिकेची यानं आहेत, युरोप-अमेरिकेचं मिळून एक आहे आणि ६ जानेवारी २०२४पासून आपलं आदित्य एल-१ आहे. प्रत्येकाचा आकडा शेजाऱ्यापेक्षा थोडा वेगळा. सूर्याबद्दल आज आपल्याला जे खात्रीनं ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळ काही या वेगळ्या आकड्यांची भांडणं सोडवताना हाती लागलंय.

आधी वाऱ्याची ओळख

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जो पांढरा मुकुट दिसतो, तिथून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडी हेलियमची केंद्रकं सतत बाहेर पडत असतात. हाच सौर वारा. वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर. सरासरी ४०० धरली, तर पिंपरी चौकातून निघालेला कण दोन सेकंदांत नागपूर ओलांडून गेलेला असेल.

दाटी मात्र नावापुरती. पृथ्वीजवळ या वाऱ्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाचेक प्रोटॉन सापडतात. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. तरीही सूर्य या वाटेनं दर सेकंदाला दहा लाख टनांहून जास्त माल बाहेर टाकतो! साडेचार अब्ज वर्षं हे चाललंय आणि एवढ्या काळात त्याचं वजन दहा हजारांत एक भाग घटलं असेल, नसेल.

असा वारा असलाच पाहिजे, हे १९५८ साली कागदावर मांडलं युजीन पार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञानं. लेख तपासणाऱ्या दोघांनीही तो नाकारला. 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक कुणालाच दाखवता येईना, म्हणून त्यांनी लेख छापला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. आपल्याला न पटणारी गोष्ट, केवळ तिच्यात खोट सापडत नाही म्हणून पुढं जाऊ देणं, हा प्रामाणिकपणा तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा आहे.

चार वर्षांनी, १९६२मध्ये, शुक्राकडं निघालेल्या मरिनर-२ यानाला वाटेत हा वारा सतत लागला. पार्कर बरोबर ठरले. १२ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांच्याच नावाचं यान सूर्याकडं झेपावलं तेव्हा ९१ वर्षांचे पार्कर ते उड्डाण पाहायला हजर होते.

एल-१ नावाचा टोलनाका

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या रेषेवर, आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर एक जागा आहे. चंद्राच्या जवळजवळ चौपट लांब. तिथं असलेलं यान पृथ्वीबरोबरच वर्षभरात सूर्याला फेरी घालतं, म्हणजे दोघांच्या मधला धागा सुटत नाही. हा एल-१ बिंदू. यानं तिथं एका जागी थांबत नाहीत, त्या बिंदूभोवती लाखो किलोमीटर रुंदीच्या कक्षेत फिरतात. आदित्यला एका फेरीला सुमारे १७८ दिवस लागतात.

इथली हजेरी पाहा, उड्डाणाच्या सालासकट. विंड, १९९४. सोहो, १९९५. एस, १९९७. डिस्कव्हर, २०१५. आदित्य एल-१, उड्डाण २ सप्टेंबर २०२३, म्हणजे चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी. आयमॅप, २४ सप्टेंबर २०२५. विंड हे यान भोसरीतल्या कित्येक सीएनसी मशिनपेक्षा जुनं आहे.

एवढ्या लांब नाका कशासाठी? सेकंदाला ४०० किलोमीटरनं येणारा झोत आधी यानाला लागतो आणि तिथून पृथ्वीला पोचायला त्याला ६२ मिनिटं लागतात. यानाचा संदेश मात्र रेडिओलहरींनी पाच सेकंदांत येतो. म्हणजे जगाला जवळपास तासाभराची आगाऊ खबर मिळते. झोत ८०० किलोमीटरचा असेल तर ३१ मिनिटांची. संध्याकाळी मोशीहून निघून चाकणचा तळेगाव चौक गाठायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना आपली तयारी करावी लागते.

खबर किती मोलाची, तर १३ मार्च १९८९ला अशाच वादळानं कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली. साठ लाख लोक अंधारात बसले. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे ४९ नवे उपग्रह सोडले आणि साध्याशा वादळानं वरची हवा फुगली, त्यातले ४०पर्यंत उपग्रह खाली येऊन जळाले.

तर मग आकडे जुळत का नाहीत?

हा माझा सर्वांत आवडता भाग. कारणं वाचताना शॉप फ्लोअरवरचं काहीतरी आठवत राहतं.

पहिलं कारण जागेचं. जूनमध्ये निगडीत धो धो कोसळत असतो आणि मोशीत रस्ता कोरडा असतो. पर्जन्यमापक दोन्हीकडचे चोख असले तरी आकडे वेगळे येणारच. एल-१भोवतीची यानं एकमेकांपासून लाखो किलोमीटरवर असतात आणि सौर वारा काही सपाट पत्र्यासारखा येत नाही. त्यात पट्टे असतात, गाठी असतात, भोवरे असतात. एका यानाला गाठ लागते, दुसऱ्याच्या अंगावरून नुसती झुळूक जाते.

दुसरं, उपकरणाची घडण. विंड आणि डिस्कव्हरवर फॅराडे कप आहे. नाव कप, काम भांड्याचंच. तोंडावर विजेचा दाब दिलेली जाळी, आत धातूची तबकडी. जाळी ओलांडण्याइतका जोर असलेले प्रोटॉनच आत पडतात आणि त्यांचा विद्युतप्रवाह मोजला जातो. एस आणि आदित्यवर वेगळी युक्ती आहे. दोन वक्र पट्ट्या, मध्ये बारीक फट. पट्ट्यांवर ठरावीक दाब दिला की ठरावीक ऊर्जेचाच कण वळण घेऊन पार होतो. जास्त जोराचा बाहेरच्या भिंतीवर आपटतो, कमी जोराचा आतल्या. प्लग गेजची गो आणि नो-गो अशी दोन टोकं हातात धरलेल्या कुणालाही हे एका वाक्यात समजावं. दाब बदलत नेला की एकच फट शेकडो मापांची गेज होते.

तिसरं, झीज. फटीतून आलेले कण मोजणारी चकती वर्षानुवर्षं मारा खाऊन थकते. तेवढेच कण आले तरी कमी मोजते. रोज हजार भोकांत जाणारा प्लग गेज जसा हळूहळू बारीक होतो, तसंच. फरक एवढाच की गेज कॅलिब्रेशनला पाठवता येतो, १५ लाख किलोमीटरवरच्या यानाला ड्यू डेटचा स्टिकर कोण लावणार? मग एकच उपाय उरतो. शेजारच्या यानाशी ताडून पाहायचं.

या सगळ्यातून एक सुंदर गोष्ट बाहेर येते. वेगाचे आकडे यानायानांत छान जुळतात, घनतेचे मात्र तेवढे जुळत नाहीत. कारण साधं आहे. वेग काढायला सर्वांत जास्त कण कुठल्या ऊर्जेला आले एवढं पाहिलं की झालं. काही कण निसटले तरी शिखर जागचं हलत नाही. घनतेसाठी मात्र एकूण किती आले ते हवं, आणि निसटलेल्यांचा हिशेब प्रत्येक उपकरणाचा वेगळा असतो.

शिवाय अक्षांचा घोळ. जर्मन कंपनीचं ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये येतं, अमेरिकी कंपनीचं थर्ड अँगलमध्ये, आणि कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न पाहता जॉब लावला की डावं-उजवं उलटतं. चाकणला दोन्ही ड्रॉइंगं एकाच टेबलावर असतात. सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचीही अशीच दोन मांडण्यांत नोंद होते. जीएसई आणि जीएसएम. दोन्हींत पहिला अक्ष सूर्याकडं, पण उरलेले दोन एकीत पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीवरून ठरतात आणि दुसरीत पृथ्वीच्या चुंबकीय अक्षावरून. एका यानाचा आकडा या मांडणीतला आणि दुसऱ्याचा त्या मांडणीतला घेतला, तर उत्तरेकडचं क्षेत्र दक्षिणेकडचं दिसू शकतं. आणि दक्षिण-उत्तर हाच तर वादळाचा कळीचा प्रश्न असतो. वाऱ्यातलं क्षेत्र दक्षिणेकडं वळलेलं असलं की पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची गाठ पडते, दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडं असलं की वारा बराचसा बाजूनं निघून जातो.

फिरण्याचाही फरक आहे. विंड तीन सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतं, एस बारा सेकंदांत, आदित्य गिरकी घेतच नाही. म्हणून आदित्यच्या सौर वारा मोजणाऱ्या स्विस या उपकरणाला एकमेकांना काटकोनात बसवलेले दोन संवेदक दिले आहेत, प्रत्येक आपल्या पातळीत पूर्ण ३६० अंश पाहणारा.

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांकडं गेज आर अँड आर नावाची कसोटी असते. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकानं दोन-तीनदा मोजायचं. मोजमापातला घोळ दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, तीसच्या वर गेला तर बाद. अवकाशशास्त्रज्ञांनी हेच काम 'ओम्नी' या नोंदवहीत केलं आहे. १९६३पासूनच्या अनेक यानांचे तासातासाचे आकडे घेऊन, एकमेकांशी ताडून, यानाचं अंतर लक्षात घेऊन वेळ पुढं सरकवून, सगळे जणू पृथ्वीच्या उंबऱ्यावरच मोजले असावेत असे मांडून ठेवले आहेत. साठ वर्षांची मास्टर शीट, आणि ती सगळ्यांना फुकट.

अलिबागचा दगड आणि आदित्यचा सहा मीटरचा हात

चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्या घरातच असतो. यानातल्या तारा, मोटरी, लोखंड. सौर वाऱ्यातलं क्षेत्र पृथ्वीवरच्या क्षेत्राच्या हजारो पटींनी क्षीण, त्यामुळं यानाचं स्वतःचं चुंबकत्व त्याला सहज गिळून टाकतं. आदित्यनं यावर उपाय म्हणून सहा मीटरचा हात बाहेर काढला आहे. एक संवेदक टोकाला, एक मध्यावर तीन मीटरला. यानाचा त्रास जवळच्याला जास्त होतो, लांबच्याला कमी. दोघांचा फरक घेतला की यानाचा वाटा किती ते कळतं आणि वजा करता येतं. उड्डाणापासून १३२ दिवस घडी करून ठेवलेला हा हात जानेवारी २०२४मध्ये उघडला. एकाच यानावर दोन साक्षीदार!

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत होती. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यावर लख्ख भडका पाहिला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं. त्या दिवशी कुलाब्याला डोळ्यांनी घेतलेल्या वाचनांत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं कोसळल्याची नोंद आहे. त्या वादळाची तीव्रता सांगणारी जगातली सर्वांत मोलाची नोंद तीच. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३मध्ये तिच्यावरून कॅरिंग्टन वादळाचा हिशेब नव्यानं मांडला.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह सुया हलवणार, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. आपला काळा दगड तिथंही चालला नाही. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये लोहखनिज असतं, तोच सुईला ओढतो. इमारतीसाठी पोरबंदरहून दगड आणला आणि लोखंडाऐवजी पितळ-तांबं वापरलं. आणि मग, ज्याच्यासाठी मी ही गोष्ट सांगतोय ते: १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या. म्हणजे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांचा सांधा नीट बसावा. नवं मशिन बसवताना जुनं काही दिवस शेजारी चालू ठेवतात, तसंच. त्या दोन वर्षांमुळं १८४१पासून आजपर्यंतची नोंद सलग वाचता येते.

आदित्यची पहिली तोंडी परीक्षा

आदित्यवरचं पापा हे उपकरण १२ डिसेंबर २०२३ला सुरू झालं. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात घडलेलं. तीनच दिवसांनी, १५ डिसेंबरला, सूर्यानं फेकलेला एक लोट त्याच्यावर येऊन धडकला. नव्या ऑपरेटरला पहिल्याच आठवड्यात ऑडिट! इस्रोनं पापाचे आकडे डिस्कव्हर आणि एसच्या आकड्यांशेजारी ठेवले. चढ तिथं चढ, उतार तिथं उतार. आपलं गेज बरोबर बोलतंय, हे शेजाऱ्यांच्या साक्षीनं ठरलं.

वाराच गायब

मे १९९९. ११ तारखेच्या आसपास सौर वाऱ्याची घनता नेहमीच्या दोन टक्क्यांवर आली, वेगही निम्मा झाला. एवढी पडझड एकट्या यानानं कळवली असती, तर पहिला संशय उपकरणावरच गेला असता. पण विंड आणि एस दोघंही तेच सांगत होते. वारा खरोखरच थांबल्यासारखा झाला होता. दाब उतरल्यानं पृथ्वीचं चुंबकीय कवच फुग्यासारखं नेहमीच्या पाच-सहापट फुगलं.

उलटाही किस्सा

ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३च्या प्रचंड वादळात एसचं वारा मोजणारं उपकरण कणांच्या भडिमारानं गांगरून गेलं. नेमकं जेव्हा सर्वांत जास्त हवं होतं, तेव्हाच आकडे तुटले. नंतर दुसऱ्या पद्धतीनं घेतलेल्या नोंदींतून ते भरून काढावे लागले. आणि जून २०१९ ते मार्च २०२० डिस्कव्हर आजारी पडलं, तेव्हा बावीस वर्षांच्या एसनं पुन्हा मुख्य पहारा सांभाळला. जुनं मशिन भंगारात काढायची घाई करू नये, ते असं.

व्हॉयेजरची गोष्ट तर चटका लावणारी. व्हॉयेजर-१ ऑगस्ट २०१२मध्ये सौर वाऱ्याची सीमा ओलांडून तारकांमधल्या अवकाशात गेलं, मानवाचं पहिलं यान. पण वारा मोजणारं त्याचं उपकरण १९८०मध्येच बंद पडलं होतं. सीमा प्रत्यक्ष मोजण्यासाठी जगाला नोव्हेंबर २०१८पर्यंत थांबावं लागलं, व्हॉयेजर-२ तिथं पोचेपर्यंत. त्याचं उपकरण चालू होतं.

सात साक्षीदार, एक वादळ

आता खरी मेजवानी. १० आणि ११ मे २०२४. वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार चुंबकीय वादळ. लडाखमध्ये हानळेच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला, अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. सूर्यानं एकामागोमाग फेकलेले लोट वाटेत एकमेकांवर आदळत आले होते.

२०२५च्या अखेरीस इस्रोनं या वादळाचा एक अभ्यास जाहीर केला. त्यात आदित्यबरोबर अमेरिकेच्या सहा मोहिमांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते: विंड, एस, डिस्कव्हर, थेमिस-सी, स्टिरिओ-ए आणि एमएमएस. आदित्य धरून चार एल-१जवळ, थेमिस-सी चंद्राभोवती, एमएमएस पृथ्वीभोवती आणि स्टिरिओ-ए सूर्याभोवतीच्या वाटेवर पृथ्वीच्या थोडं पुढं. ही यानं त्या दिवशी अशी पसरलेली होती, हे विज्ञानाचं भाग्यच.

काय दिसलं? आदळणाऱ्या लोटांच्या आत चुंबकीय रेषा तुटून पुन्हा वेगळ्या जोडल्या जात होत्या. असं पुनर्जोडण लोटाच्या पोटात एवढ्या मोठ्या प्रमाणावर होईल अशी कल्पना नव्हती. हा तुटण्या-जुळण्याचा पट्टा निघाला सुमारे १३ लाख किलोमीटर रुंद. आपल्या पृथ्वीसारख्या शंभर पृथ्व्या ओळीनं ठेवल्या तर जेमतेम पुऱ्या पडतील.

इथं जरा थांबून विचार करा. एकटं यान हा आकडा कधीच देऊ शकलं नसतं. एका ठिकाणी उभं राहून त्याला फक्त 'माझ्यावरून काहीतरी गेलं' एवढं सांगता येतं. ते केवढं होतं, हे कळायला लांब लांब उभे असलेले साक्षीदार लागतात. आणि त्यांचे आकडे एका पट्टीवर आणलेले असावे लागतात, नाहीतर खरा फरक कुठला आणि मापातला फरक कुठला हे ओळखताच येत नाही. एवढी वर्षं घनतेच्या दहा टक्क्यांवरून घातलेले वाद त्या दिवशी कामी आले. त्यात आपलं यान बरोबरीनं बसलं होतं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

हीट नंबर सूर्याचा

फोर्जिंगच्या तुकड्यावर हीट नंबर ठोकलेला असतो. मशिनिंगला गेला, हीट ट्रीटमेंटला गेला, तरी तो कुठल्या भट्टीच्या कुठल्या ओतीतला ते कळतं. फेब्रुवारी २०२२मध्ये सौर वाऱ्याच्या एका झोताचा असा माग काढता आला. आधी पार्कर यानानं तो सूर्याच्या त्रिज्येच्या १३ पट अंतरावर मोजला. सुमारे चाळीस तासांनी तोच झोत युरोपच्या सोलर ऑर्बिटरनं १२८ पट अंतरावर मोजला. वाटेत वारा तापत आणि वेग घेत गेला होता, आणि त्याच्यातल्या चुंबकीय लाटा तेवढ्याच क्षीण झाल्या होत्या. लाटांची ऊर्जा वाऱ्यात गेली. वाऱ्याला हा ताप आणि वेग कुठून मिळतो, या जुन्या कोड्याचा एक मोठा तुकडा दोन यानांनी मिळून बसवला.

याच पार्कर यानानं २४ डिसेंबर २०२४ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरपर्यंत मजल मारली. वेग ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर. त्याचा फॅराडे कप उष्णतारोधक ढालीच्या बाहेर डोकावतो, म्हणून त्याच्या तारा नायोबियमच्या आणि त्यावरचं आवरण नीलमण्याच्या स्फटिकाचं आहे. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी या यादीवर एकदा नजर टाकावीच.

घरच्या गोष्टी, पटापट

आदित्यवरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. ती वारा मोजत नाही, वारा जिथून सुटतो त्या सूर्याचे अतिनील प्रकाशात फोटो काढते, अकरा वेगवेगळ्या फिल्टरांमधून.

इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची आवरणं कित्येक दशकं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत.

चांद्रयान-१वरच्या सारा या उपकरणानं २००९मध्ये दाखवून दिलं, की चंद्राच्या मातीवर आदळलेल्या सौर वाऱ्यातल्या प्रोटॉनपैकी वीस टक्क्यांपर्यंत हायड्रोजनचे अणू होऊन परत उडतात. तोवर माती सगळे शोषून घेते असंच मानलं जायचं.

वारा जमिनीवरूनही मोजता येतो. दूरच्या रेडिओस्रोतांसमोरून सौर वारा गेला की ते ताऱ्यांसारखे लुकलुकतात, आणि लुकलुकण्यावरून वाऱ्याचा वेग निघतो. उटीची रेडिओ दुर्बीण हे काम करत आली आहे. ती उभारली गोविंद स्वरूप यांनी, आणि त्यांनीच नंतर चाकणच्या पुढं नाशिक रस्त्यानं नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि सगळ्या मिळून एक दुर्बीण. तीस ठिकाणची मापं जुळवल्याशिवाय चित्रच उमटत नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा चाकण-मंचर-नारायणगावकडचा आधीचा मार्ग बदलायची भूमिका रेल्वेनं घेतली, ती याच दुर्बिणीला गोंगाट होऊ नये म्हणून. रेल्वे हवी असणाऱ्या चाकणकरांची हळहळ मला कळते, पण जगात एवढी शांत जागा पुन्हा मिळत नाही.

आता तुमची पाळी

आदित्यच्या उपकरणांचे आकडे इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी करून मोफत मिळतात. विंड आणि एसचे आकडे नासाच्या ओम्नी नोंदवहीबरोबर खुले आहेत. आकुर्डी, निगडी, पिंपरीतल्या आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी एक रविवार काढावा. १० मे २०२४ ही तारीख घ्या. तिन्ही यानांचा वेग एका आलेखावर काढा, घनता दुसऱ्यावर. आकडे जुळले नाहीत तर आधी वेळ सरकवून पाहा, मग अक्ष तपासा, आणि तरीही फरक उरलाच तर तो पुसू नका, वहीत लिहून ठेवा.